श्रीलंकेला दिलेले पैसे वाया गेले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. श्रीलंकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की 2022ला तो देश आर्थिक संकटात बुडाला तेव्हा आपण त्यांना जवळपास 4 अब्ज डॉलरची मदत केली आणि त्यांनी ऑगस्टमध्येच चिनी जहाज त्यांच्या हंबनटोटा बंदरात लावून घेतलं, इथे आपला शेतकरी मरतोय, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. युआन वांग 5 हे ते जहाज, ते आलं तेव्हा मलाही असाच संताप आला होता, खोटं कशाला सांगू. तरी तुमचं म्हणणं मला पटत नाही.

एकतर ते दान नव्हतं. त्यातला मोठा भाग उधारीचा आहे, एक्झिम बँकेचे 50 कोटी डॉलर इंधनासाठी, स्टेट बँकेचे 1 अब्ज अन्नधान्य आणि औषधांसाठी, शिवाय 40 कोटींचा करन्सी स्वॅप, म्हणजे दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांमधली ठराविक मुदतीची चलनाची अदलाबदल. त्या उधारीवरचा तांदूळ आपल्याच व्यापाऱ्यांनी पाठवला. म्हणजे शेतकऱ्याच्या ताटातलं काढून तिकडे वाढलं असं झालेलं नाही.

आणि नसते दिले तर काय झालं असतं ते मार्च 2022मध्ये दिसायला लागलंच होतं की. कँडीजवळच्या पेरादेनिया हॉस्पिटलमध्ये औषधं नाहीत म्हणून ठरलेली ऑपरेशन्स थांबवली होती, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. त्याच महिन्यात धनुष्कोडीजवळ वाळूच्या दांड्यावर आपल्या कोस्ट गार्डला एक कुटुंब सापडलं, रात्री नाववाल्याने तिथेच उतरवून दिलेलं, चारी बाजूंनी समुद्र आणि आईच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ. शेजारचं घर पेटलं की झळ आपल्या भिंतीला लागते ती अशी, आणि ही तर नुसती सुरुवात होती.

तुम्ही म्हणता दम भरायला हवा होता. दादा, तेही करून झालंय. 1987 ते 90 तिथल्या यादवी युद्धात आपली शांतिसेना तिथे होती, सुमारे 1200 जवान गेले आणि परत येताना सिंहली आणि तमिळ, दोन्हीकडचे लोक आपल्यावर नाराज. 2015ला नेपाळ सीमेवर ट्रक अडले, आपलं सरकार म्हणत होतं मधेशींच्या, म्हणजे नेपाळच्या तराईतल्या लोकांच्या, आंदोलनामुळे अडलेत, पण भूकंपातून नुकता सावरणारा नेपाळी माणूस चुलीला गॅस नाही म्हणून आपल्यालाच बोल लावत होता आणि मार्च 2016मध्ये त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा ट्रान्झिट करार केला. दाबून मिळालं काय आपल्याला?

उलट जानेवारी 2023मध्ये श्रीलंकेच्या कर्जाच्या फेररचनेचं लेखी आश्वासन आयएमएफला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला) सगळ्यात आधी आपण दिलं, चीन नंतर आला, आणि मार्चमध्ये आयएमएफचं श्रीलंकेसाठीचं जवळपास 3 अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर झालं. पुढे 2024मध्ये श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली. त्याच वर्षी निवडून आलेले त्यांचे राष्ट्राध्यक्ष दिसानायके ज्या जेव्हीपी या डाव्या पक्षाचे, तो पक्ष 1987मध्ये भारताच्या विरोधात रस्त्यावर उतरला होता, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिला परदेश दौरा त्यांनी दिल्लीचा केला आणि आमची जमीन भारताच्या विरोधात वापरू देणार नाही असं इथे येऊन सांगितलं. याला मी वाया गेलेले पैसे म्हणणार नाही.

एक मात्र तुमचं शंभर टक्के खरं, मच्छीमारांचा विषय मी लेखात घेतलाच नाही, ती चूक माझी. रामेश्वरमचे ट्रॉलर (मोठ्या यांत्रिक मासेमारी बोटी) श्रीलंकेच्या हद्दीत पकडले जातात, पोरं तिथल्या जाफनाच्या तुरुंगात बसतात. पण तेच ट्रॉलर तळ खरवडत जातात तेव्हा पलीकडच्या गरीब तमिळ कोळ्याची जाळी फाटतात, आणि युद्धात सगळं गमावून तो आत्ता कुठे परत समुद्रात उतरलाय. यावर दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं नुसत्या बैठका घेतायत आणि इथे मी आपल्या सरकारची बाजू अजिबात घेणार नाही.