आईला इमानात बसवायचंय? मग हे सल्ले घ्या

परवा आईला घेऊन विमानाने बंगळुरूला गेलो. धाकट्या बहिणीला मुलगी झाली, बाळंतपण तिकडंच केलं, आणि आईची लई वर्षांची हौस होती की डोळे मिटायच्या आत एकदा इमानात बसायचं. आमच्याकडं जुनी माणसं विमानाला इमानच म्हणतात. जाऊन आल्यावर कळलं की त्या धंद्यात नेमकं तेच नसतं.

तर आता मी अनुभवी माणूस आहे. गल्लीतले दोघं-तिघं विचारून गेले, "काय, कसं असतंय, स्वस्तात होतंय का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. वाचा, फायदा करून घ्या.

सल्ला पहिला. ॲपवर तिकिटाचा जो आकडा दिसतो तो डोळे भरून बघून घ्या, कारण तो परत दिसणार नाही. मला ३४९९ दिसले. दोन माणसं टाकली तर एकदम माणशी ४२९९. का? तर त्या भावात एकच सीट शिल्लक होती, आणि दोन मागितल्या की दोन्ही वरच्या भावात जातात. मेथीची एक जुडी १० ला आणि दोन घेतल्या तर दोन्ही १५-१५ ला, असा हिशोब आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजारात कुणी केला तर लोक त्याला गाड्यासकट उचलतील. पण मी पडलो लातूरचा, म्हणलं आपल्याला कोण फसवतंय. दोन तिकिटं वेगवेगळी काढली. आईचं ३४९९ ला, माझं ४२९९ ला, त्यात मी "फक्त हँडबॅग"वालं घेतलं म्हणून अजून २०० कमी. बरोबर हजार रुपये वाचवले. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच. या हजार रुपयांचं पुढं काय झालं ते वाचत रहा.

कन्व्हिनिअन्स फी आनंदाने भरा. तिकीट मी शोधलं, नावं मी टाईप केली, कार्ड माझं, ओटीपी माझा, आणि सोय केल्याचे पैसे त्यांना, ते पण माणशी. इन्शुरन्स नको असेल तर तसं बटण असतं, पण त्यावर असं काही लिहिलेलं असतं की ते दाबताना आपण म्हाताऱ्या आईच्या जिवावर उठलोय असं वाटावं. या असल्या फसव्या बटणांवर केंद्राने २०२३ मध्ये नियम काढलेत म्हणे. ॲपवाल्यांपर्यंत ते पोहोचायचेत, कदाचित ते पण विमानाने निघाले असतील.

सल्ला दुसरा, सीट निवडू नका. कशाला? पैसे भरा नाहीतर मिळेल तिथं बसा, एवढं सोपं आहे. मला ४बी मिळाली, आईला २७ई. दोन्ही मधल्या. वेगवेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर ना, मग आम्ही एकमेकांचे कुणी लागत नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२४ ला कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांच्या आतल्या लेकराला त्याच पीएनआरवरच्या आई-बापाजवळ जागा द्या. चांगलंच केलं. ६८ वर्षांच्या बाईला तिच्या लेकराजवळ बसवायचा आदेश काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता विमानतळावर कसं जायचं. आमच्या लातूरला विमानतळ आहे, अगदी धावपट्टीसकट. फक्त रोजचं विमान नाही, एवढी एक बारकी अडचण आहे. २७ एप्रिल २०१७ ला बारक्या गावांना स्वस्त विमानाने जोडायची उडान योजना सुरू झाली, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान सुटलं, हवाई चप्पलवाला हवाई जहाजात बसणार असं ऐकून आमच्या आईनं तेव्हापासून चप्पल जपून ठेवली होती. तर आपण रात्री साडेनऊच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जायचं, पहाटे चारला हडपसरला उतरायचं, रिक्षावाल्याशी भांडायचं आणि पाच वाजता विमानतळावर जाऊन बसायचं. तासा-दीड तासाच्या विमानासाठी एक रात्र घालवायची असते, हे तिकिटावर लिहिलेलं नसतं.

पाणी घरून न्या. आत बाटली ७० ला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, सगळ्या देशाच्या टीव्हीवर दाखवलं, तेव्हासुद्धा आम्ही या भावाने पाणी प्यालो नव्हतो.

आता बॅग. हा सल्ला जरा नीट वाचा.

बाळंतिणीकडं रिकाम्या हाताने कुणी जातं का? आईनं महिनाभर आधीपासून तयारी केलेली. डिंकाचे लाडू, हळीव, घरचं तूप, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, जावयाला आवडतं म्हणून मिरचीचं लोणचं, बाळाला कुंची, आणि जुन्या लुगड्यांची स्वतः शिवलेली वाकळ. सगळं एका बॅगेत. काट्यावर ठेवली, १८ किलो २०० ग्रॅम. हद्द १५. काउंटरवरची पोरगी गोड हसून म्हणाली, "सर, किलोला सहाशे लागतील." म्हणलं, मॅडम, आम्ही दोघं आहोत, माझी बॅगच नाही, माझे १५ किलो धरा की. तिनं माझं तिकीट बघितलं. "सर, तुमच्या तिकिटात बॅग नाहीये." म्हणजे मी २०० रुपये वाचवले होते ते हे.

मागं रांग. पुढं ती पोरगी. मग तिथं, फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात बॅग उघडली. आईची वाकळ बाहेर, लाडवाचा डबा बाहेर, कुंची त्या पोलिश केलेल्या फरशीवर, आणि ६८ वर्षांची बाई खाली उकिडवी बसून कुठला डबा काढू म्हणून माझ्याकडं बघायलीय. एक साहेब ट्रॉली घेऊन आमच्या अंगावरून गेल्यासारखे गेले. आम्ही तूप, लोणचं आणि खोबरं काढून आईच्या हातातल्या पिशवीत भरलं, परत बॅग काट्यावर, १४.९. जिंकलो! अठराशेच्या वर रुपये वाचले! आई पण हसली. तिला वाटलं झालं सगळं.

मग सिक्युरिटी. पिशवी मशीनमधून गेली आणि तिकडंच थांबली. "ये कोकोनट है? अलाउड नहीं है." सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ते हातातल्या बॅगेत चालत नाही आणि खाली द्यायच्या बॅगेत पण चालत नाही. मिरचीचं लोणचं हातात चालत नाही. तुपावर दोघांची थोडी चर्चा झाली आणि ते पण राहिलं. त्या माणसाचा काही दोष नाही, नियम आहे, तो बिचारा नीटच बोलला. माझा राग वेगळाच आहे. काउंटरवर पॉवरबँक आहे का, लायटर आहे का, सगळं विचारलं. आमच्या हातात खोबरं दिसत होतं, दिसत होतं म्हणजे त्या पोरीच्या डोळ्यासमोर मी ते एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत टाकलं, पण ती काट्याकडं बघत होती कारण तिला काटाच बघायला शिकवलंय. एक शब्द बोलली असती तर तूप-लोणचं तरी पैसे भरून खालीच ठेवलं असतं. नऊ महिने लेकीची वाट बघून केलेलं तूप हो. घरच्या म्हशीचं. ते एका प्लॅस्टिकच्या टबात कुणाच्या तरी नेलकटर आणि काडीपेटीशेजारी ठेवलं आणि आई मला विचारतीय, "पावती देतेत का रे?"

असो. सल्ला कितवा चाललाय? जाऊ द्या.

वेळेवर पोहोचा. काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. ६१ व्या मिनिटाला आलात तर प्रवासी, ५९ व्या मिनिटाला आलात तर तुमचं तिकीट गेलं, पैसे गेले, नमस्कार.

आमचं विमान ८.५० चं होतं. साडेआठला बोर्डवर ९.४० झालं. सव्वानऊला १०.३०. मग ११.१५. मग एक. असं हप्त्या-हप्त्याने, सावकाराच्या वहीसारखं. कारण विचारलं तर "ऑपरेशनल रीझन". म्हणजे काय विचारलं तर "सर, इनकमिंग एअरक्राफ्ट लेट आहे." ते का लेट आहे? तर ते आधीच्या गावाहून लेट निघालं. स्वस्त विमानाचं गणितच असं असतं की एकच विमान दिवसभर एसटीसारखं या गावाहून त्या गावाला पळवायचं, खाली उतरलं की अर्ध्या तासात झाडून-पुसून परत वर. सकाळी कुठंतरी वीस मिनिटं गेली की दुपारपर्यंत त्याचे दोन तास होतात. हे मला कळतं. मी काय अडाणी नाही. पण हे सकाळी सहालाच तुम्हाला माहीत असतं ना? विमान कुठं उभं आहे हे माझ्या मोबाईलवर दिसायलंय आणि तुम्हाला दिसत नाही?

उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल तर दोन तासांच्या वर उशीर झाल्यावर खायला-प्यायला द्यायचं असा डीजीसीएचा नियम आहे. मिळालं. एक छोटा ज्यूस आणि बिस्किटाचा पुडा, ते पण चौघं-पाच जणांनी आवाज चढवल्यावर. सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, असा पण नियम आहे. आमचं विमान २.१० ला सुटलं. पाच तास वीस मिनिटं. योगायोग असेल.

मधे एकदा गेट बदललं. सगळे पळाले. आईला गुडघ्याचा त्रास.

विमानात उपमा जरूर घ्या. गरम पाणी फुकट असतं, कागदी कपाचे २५० पडतात.

सीट मागं जात नाही, तेव्हा गुडघे घरी ठेवून या.

उतरताना चाकं टेकली की लगेच उभं रहा, डोक्यावरची बॅग काढा आणि पुढच्याच्या मानेवर धरून वीस मिनिटं थांबा. हे मात्र कंपनीने शिकवलेलं नाही, हे आपण स्वतःच शिकलो.

बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला आहे. बहीण इलेक्ट्रॉनिक सिटीत. टॅक्सीत विमानापेक्षा जास्त वेळ बसलो, आणि जागा पण ऐसपैस होती.

आता खरं सांगतो, मला हे गमतीगमतीत लिहायचं होतं. पण मला जमेना. विमान वर गेलं तेव्हा मी चौथ्या रांगेतून मान वळवून बघत होतो, बेल्ट लावलेला, उठता येईना. आई सत्ताविसाव्यात, मधल्या सीटवर, दोन्हीकडं कानात बोंडं घातलेली पोरं. तिला पट्टा लावायला जमला का, कान दुखायलेत का, भ्यायली का, काही कळेना. साठ-पासष्ट वर्षं जी बाई वर मान करून इमान बघत आली, ती पहिल्यांदा इमानात बसली आणि तिला खिडकी नाही, शेजारी माणूस नाही. माझ्या शेजारच्या भल्या माणसाला विचारलं, तुम्ही मागं जाता का, आईला इथं आणतो. तो तयार झाला. हवाईसुंदरी म्हणाली, "सर, ही पेड सीट आहे, पाठीमागच्या पॅसेंजरला देता येणार नाही." माणूस तयार, मी तयार, विमान आमच्या डोळ्यादेखत हवेत, आणि सीट पेड!

अरे, कुणी सांगितलं तुम्हाला की स्वस्त म्हणजे माणसाला वस्तूसारखं वागवायचं? २००३ ला कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली तेव्हा पण विमान स्वस्तच होतं, एक रुपयात तिकीट दिलं त्यांनी, जेवण नव्हतं, थाटमाट नव्हता, तो कुणी मागितला पण नाही. आम्हाला कुठं काजू-बदाम पाहिजेत? आम्ही एसटीत उभ्याने जाणारी माणसं. जेवण देऊ नका. गादी देऊ नका. पण उशीर होणार असेल तर तोंडाने खरं सांगा. एका मिनिटासाठी आमचं तिकीट बुडवता आणि स्वतःच्या पाच तासांसाठी "गैरसोयीबद्दल दिलगीर" ची टेप लावता, ते पण इंग्रजीत, पुण्यात बसून, जिथं रांगेतल्या निम्म्या लोकांना मराठी सोडून काही कळत नव्हतं. लाज वाटत नाही? आणि आपण पण कमी नाही. चार तास झाल्यावर चार लोक भांडले, बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. मी पण त्यातलाच, व्हिडिओ काढत नव्हतो एवढंच, हजार रुपये वाचवल्याच्या खुशीत दोन तास तर गप्पच बसलो होतो. हजार रुपयांसाठी आईला परक्यासारखं बसवलं ते कंपनीने नाही, मीच. घ्या.

परतीचं तिकीट कॅन्सल केलं. चार हजारांतले ३१६ रुपये परत आले. यशवंतपूरहून लातूरला थेट रेल्वे आहे, आधीपासूनच होती, तिच्यात बसलो. आईने पिशवी सीटखाली सरकवली आणि बिदर मागं पडलं तसं एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "ते तूप त्यांनी खाल्लं तरी असंल का रे? टाकून दिलं असंल तर मला लई वाईट वाटंल."