‘परुशी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रभूच्या नावात सलाम.

आपलं वागणं पाहून दुसऱ्याचा विश्वास वाढतो किंवा ढळतो, म्हणून जपून वागा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : “लोक बघतात म्हणून चांगलं वागणं हा परुशीपणा. मत्तय 6 उघडून वाचलंत तर कळेल. तुम्हाला फक्त नाव कमवायचंय.” परुशी, म्हणजे येशूच्या काळातले, लोकांना दाखवण्यासाठी धर्म पाळतात असा ठपका असलेले यहुदी; मीही तसाच, असा तुमचा टोला.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण “उघडून वाचलंत तर” हा सूर कशासाठी? संडे स्कूलच्या मुलांना शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (अध्याय 5 ते 7) येशूचं डोंगरावरील प्रवचन मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय. आणि माझ्या मनातला हेतू तुम्हाला कुठून दिसला? एका विश्वासणाऱ्यानं दुसऱ्याशी असं बोलावं?

दान, प्रार्थना, उपास गुप्तपणे करा, असं मत्तय 6 सांगतो. कबूल. लेखात त्याचा उल्लेख असता तर बरं झालं असतं, हेही कबूल. पण त्याच प्रवचनात, थोडं आधी, 5:16 मध्ये प्रभू काय म्हणतात? तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, म्हणजे ते स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. गौरव कोणाचं व्हावं, एवढाच प्रश्न आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर प्रार्थना करणाऱ्या ढोंग्याला ते स्वतःचं हवं असतं. एक वचन धरायचं आणि शेजारचं सोडायचं, याला वाचन म्हणत नाहीत.

मग प्रेषित पौलाला काय म्हणाल? आपल्या खाण्यानं भाऊ विश्वासात अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असं त्यानं करिंथच्या मंडळीला लिहिलं (1 करिंथ 8:13). पाहणाऱ्याचा विचार त्यानंही केलाच ना? तोही ढोंगी?

तरुणपणी मी उपासनेला जाणं सोडण्याच्या बेतात होतो. उपदेश पुष्कळांनी केला, कानावरून गेला. शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ मात्र गायन सुरू झालं की आपलं गीतपुस्तक माझ्याकडे सरकवत आणि चालू ओळीवर बोट ठेवत. मी तोंड मिटून बसलो तरी बोट ओळीओळीनं पुढे जात राही. मी टिकलो तो त्यांच्यामुळे. तेही नाव कमवत होते का?

पाळकांबद्दल आणि तरुण संघाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, सोडून देतो.

पुन्हा लिहाल तर 5:16 चा अर्थ तुम्ही कसा लावता ते लिहा. माझ्या हेतूंची झडती घ्यायची असेल, तर उत्तराची वाट पाहू नका.