सामोयलोवाला सायबेरियात कोणी पाठवले?

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती अकरावीत आहे, महिला दिनानिमित्त तिच्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा आहे आणि सत्तेने चिरडलेल्या स्त्रियांवर तिने भाषण तयार केले आहे. “मावशी, तू जुने रशियन सिनेमे बघतेस ना, मग हे एकदा ऐक,” असे म्हणून तिने जे वाचून दाखवले, त्यातला शब्द न् शब्द मला ओळखीचा होता. तोच मजकूर गेल्या दोन-तीन महिन्यांत मला किमान तीन वेळा आला होता आणि दर वेळी मी तो पुसून टाकून गप्प बसले होते. आता तो एका सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून शे-दोनशे मुलांसमोर खरा म्हणून बोलला जाणार असेल, तर गप्प बसण्यात अर्थ नाही.

मजकूर असा आहे. तात्याना सामोयलोवा ही रशियाची ऑड्री हेपबर्न. १९५७ मध्ये एकाच चित्रपटाने तिने जग जिंकले आणि कान महोत्सवात ती सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. चित्रपटातली नायिका देशद्रोही वाटल्याने स्टालिन संतापला, त्याने चित्रपटावर बंदी घातली आणि तिला सायबेरियात धाडले. त्यानंतर ती पुन्हा कधीही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. हॉलिवूडचे बोलावणे आले तेव्हा सरकारने जाऊ दिले नाही, आणि शेवटी वृद्धाश्रमात ती बेवारस मेली. खाली तिचे एक रंगीत छायाचित्र आणि हात जोडलेले चिन्ह.

सुरुवात स्टालिनपासूनच करायला हवी. स्टालिन ५ मार्च १९५३ रोजी मरण पावला. ‘क्रौंच उडताहेत’ असा ज्याच्या नावाचा मराठीत अर्थ होईल तो सामोयलोवाला प्रसिद्धी देणारा मिखाईल कलातोझोव्हचा चित्रपट १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. मधली साडेचार वर्षे कोणत्याही ज्ञानकोशात दोन मिनिटांत मोजता येतात, आणि ती मोजण्याची तसदी हा मजकूर लिहिणाऱ्याने घेतली नाही, पुढे पाठवणाऱ्या हजारोंनीही घेतली नाही. चूक केवळ तारखेची असती तर मी एवढी चिडले नसते. हा चित्रपट निघू शकला तोच मुळी स्टालिन गेल्यामुळे. व्हिक्टर रोझोव्हने ज्या नाटकावरून पटकथा लिहिली ते त्याने १९४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच लिहिले होते. मॉस्कोत ते रंगमंचावर आले १९५६ मध्ये, ‘सोव्रेमेन्निक’ या तरुण नटांच्या नव्या संस्थेचा पहिला प्रयोग म्हणून. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात स्टालिनच्या अपराधांचा पाढा वाचला होता. प्रियकर आघाडीवर असताना त्याच्याच चुलतभावाशी लग्न करून बसणारी, त्या लग्नात रोज जळणारी आणि तरीही प्रेक्षकाची सहानुभूती न गमावणारी या चित्रपटाची नायिका व्हेरोनिका त्याआधीच्या दहा वर्षांत सोव्हिएत पडद्यावर कल्पनेतही आली नसती. म्हणजे जो काळ संपल्यामुळे ही भूमिका जन्माला आली, त्याच काळाने ती अभिनेत्री गिळली, असे आपण मुलांना सांगतो आहोत.

आता सायबेरिया. सामोयलोवा सायबेरियात गेली होती, हे खरे आहे. ती गेली होती कलातोझोव्हच्याच पुढच्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी. ‘न पाठवलेले पत्र’ हा तो चित्रपट १९६० मध्ये आला. सायबेरियातल्या याकुतियात १९५४ मध्ये हिऱ्यांचा पहिला साठा सापडल्यानंतर तिथल्या जंगलांत भूगर्भशास्त्रज्ञांच्या तुकड्या फिरत होत्या, त्या पार्श्वभूमीवरची ही कथा. तीन पुरुष आणि एक स्त्री, म्हणजे इन्नोकेन्ती स्मोक्तुनोव्हस्की, येव्गेनी उर्बान्स्की, वासिली लिव्हानोव्ह आणि सामोयलोवा, हिऱ्यांच्या शोधात तैगाच्या जंगलात जातात, हिरे सापडतात, आणि परतण्याच्या आदल्या रात्री वणवा पेटतो. छायालेखक सेर्गेई उरुसेव्हस्की युद्धकाळात आघाडीवर चित्रीकरण केलेला माणूस होता. धूर, चिखल, नदी आणि बर्फ यांतून त्याने या चार नटांना ज्या रीतीने चालवले आहे ते पाहताना आपल्याच छातीत धूर भरल्यासारखे वाटते. एका अभिनेत्रीने अंगमेहनतीची परिसीमा गाठून केलेले हे काम. फिरणाऱ्या मजकुरात त्याची शिक्षा झाली आहे! कोणी तरी ‘सामोयलोवा’ आणि ‘सायबेरिया’ हे दोन शब्द एकत्र वाचले असावेत आणि मधली जागा स्वतःच भरली असावी, असा माझा तर्क आहे.

या खोटेपणाने सर्वांत मोठा अन्याय मात्र सामोयलोवावर होत नाही. ज्यांच्यावर हे खरोखर गुदरले त्या स्त्रियांवर होतो. झोया फ्योदोरोवा ही त्या काळातली अत्यंत लोकप्रिय अभिनेत्री, दोनदा स्टालिन पारितोषिक मिळवलेली. युद्धाच्या अखेरीस मॉस्कोत असलेल्या जॅक्सन टेट या अमेरिकी नौदल अधिकाऱ्यावर तिचे प्रेम जडले, त्याला देश सोडायला लावण्यात आले आणि जानेवारी १९४६ मध्ये तिला मुलगी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिला अटक झाली, २५ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली, आणि ती सुटली १९५५ मध्ये, स्टालिन गेल्यानंतर. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत आई तुरुंगात होती. तात्याना ओकुनेव्हस्काया ही दुसरी अभिनेत्री १९४८ मध्ये पकडली गेली आणि १९५४ मध्ये परतली. झोयाने सुटकेनंतर पुन्हा चित्रपटांत छोट्या छोट्या भूमिका केल्या; ‘मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाही’ हा ऑस्कर मिळालेला चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कामगार मुलींच्या वसतिगृहाच्या दारावर बसणारी म्हातारी आठवत असेल. ती झोया. १९८१ मध्ये मॉस्कोतल्या तिच्या राहत्या घरी कोणी तरी तिला गोळी घालून मारले आणि तो खून आजवर उलगडलेला नाही. ‘स्टालिनने अभिनेत्रीला धाडले’ ही गोष्ट सांगायचीच असेल, तर ती या दोघींची आहे, नावानिशी आणि तारखांनिशी. ती त्यांच्याकडून काढून घेऊन, अधिक देखणे छायाचित्र मिळते म्हणून दुसरीच्या गळ्यात घालणे मला अक्षम्य वाटते.

बंदीचा मुद्दा त्या मानाने लवकर निकालात निघतो. सोव्हिएत संघात या चित्रपटाला सुमारे २ कोटी ८३ लाख प्रेक्षक लाभले. बंदी घातलेल्या चित्रपटाला एवढे प्रेक्षक मिळत नाहीत. यात अर्धे सत्य एवढेच, आणि ते मी मान्य करते, की वरच्या वर्तुळात सर्वांना ही नायिका रुचली नव्हती. खुद्द ख्रुश्चेव्हने तिच्या चारित्र्याबद्दल हलके उद्गार काढल्याचे तिकडचे चित्रपट-अभ्यासक सांगतात. पण नापसंती वेगळी आणि बंदी वेगळी.

कानच्या पुरस्काराबाबत वाद घालण्याचे कारणच नाही, कारण महोत्सवाची स्वतःची यादी सर्वांना पाहता येते. १९५८ चा पाम दोर कलातोझोव्हच्या चित्रपटाला मिळाला, आणि त्या नावाने हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा तो एकमेव सोव्हिएत चित्रपट ठरला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्या वर्षी इंगमार बर्गमनच्या एका चित्रपटातल्या चार अभिनेत्रींना मिळून देण्यात आला. बिबी अँडरसन आणि इंग्रिड थुलिन त्यांच्यात होत्या. सामोयलोवाच्या अभिनयाचा परीक्षकांनी विशेष उल्लेख केला. हा उल्लेख लहान नाही, पण तो ‘सर्वोत्कृष्ट अभिनेत्री’ नव्हे. हीच यादी आणखी दोन पाने उलटली तर मजकुरातला पुढचा दावाही कोसळतो. १९६० च्या स्पर्धेत ‘न पाठवलेले पत्र’ आहे, आणि १९६८ च्या स्पर्धेसाठी निवडलेल्या चित्रपटांत अलेक्सांद्र झार्खीचा ‘अॅना कारेनिना’ आहे. फ्रान्समधल्या मे महिन्याच्या उठावामुळे तो महोत्सव अर्ध्यावर बंद पडला, ही गोष्ट निराळी. दोन्ही चित्रपटांत सामोयलोवा आहे. १९५७ नंतर कॅमेऱ्यासमोर कधीच उभी न राहिलेली स्त्री कानच्या पडद्यासाठी आणखी दोनदा निवडली गेली कशी?

याचे उत्तर त्या मजकुरासोबतच्या छायाचित्रातही आहे. काळा पोशाख, उंच बांधलेले केस आणि मागे दिव्यांचा झगमगाट असलेले ते रंगीत चित्र ‘अॅना कारेनिना’मधले आहे. कलातोझोव्हचे दोन्ही चित्रपट कृष्णधवल होते. झार्खीचा १९६७ चा चित्रपट रंगीत होता आणि सत्तर मिलिमीटरच्या पडद्यासाठी काढलेला होता. त्यात अॅनाचा प्रियकर व्रोन्स्की झाला होता वासिली लानोव्होय, सामोयलोवाचा आधीचा नवरा. त्यांचा घटस्फोट होऊन तेव्हा जवळजवळ दशक लोटले होते. नृत्यांगना माया प्लिसेत्स्काया त्यात बेट्सीच्या भूमिकेत आहे. या चित्रपटाला सोव्हिएत संघात चार कोटींहून अधिक प्रेक्षक मिळाले, म्हणजे आधीच्या गाजलेल्या चित्रपटापेक्षाही जास्त. जिची कारकीर्द दहा वर्षांपूर्वीच संपली असे म्हणायचे, तिच्या दहा वर्षांनंतरच्या सर्वांत मोठ्या भूमिकेचे चित्र पुरावा म्हणून लावायचे, इतकी ही बेपर्वाई आहे.

‘एकच चित्रपट’ हेही खरे नाही. तिची पहिली भूमिका १९५५ च्या ‘मेक्सिकन’मध्ये होती. त्यातला नायक ओलेग स्त्रिझेनोव्ह आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल, कारण ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांच्या ‘परदेसी’त नर्गिससमोर अफनासी निकितिन झाला होता तो हाच, आणि तो निकितिन पंधराव्या शतकात आपल्या चौल बंदरात उतरून जुन्नरला पावसाळाभर राहिलेला प्रवासी.

राहिला हॉलिवूडचा मुद्दा, आणि इथे मला पुन्हा थोडे मागे सरावे लागते. परदेशातून बोलावणी आली, झेरार फिलिप या फ्रेंच नटासोबत ‘अॅना कारेनिना’ करण्याचा प्रस्ताव होता आणि आपल्याला जाऊ दिले नाही, असे सामोयलोवाने स्वतः उतारवयातल्या मुलाखतींत सांगितले आहे. सोव्हिएत कलावंताला परदेशी निर्मात्याशी परस्पर करार करता येत नव्हता, हे सर्वज्ञात आहे, तेव्हा तिच्या बोलण्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र फिलिप नोव्हेंबर १९५९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला, त्यामुळे ही संधी होती तेव्हाही फार थोडा काळ होती. शिवाय परदेशी चित्रपट तिला पूर्ण बंद होते असेही नाही: फ्रेंच सहनिर्मितीत तिने १९६० मध्ये काम केले, १९६१ मध्ये हंगेरीत ‘आल्बा रेजिया’त ती नायिका होती, आणि जुझेप्पे दे सांतिसच्या इटालियन युद्धपटातही ती आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की कुठे जायचे आणि कुठे नाही हे ती ठरवत नव्हती, शासनाचे चित्रपट खाते ठरवत होते. या अभिनेत्रीच्या बाबतीत सत्तेने केलेला खरा अन्याय हा आहे. त्यात हातकड्या नाहीत, बर्फ नाही. कार्यालयातल्या टेबलावरून परत गेलेली पत्रे आहेत, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर कित्येक वर्षे जवळजवळ रिकामे गेलेले तिचे वय आहे. तिच्या ताकदीच्या भूमिका तिच्यासाठी कोणी लिहिल्या नाहीत. हे लिहिताना मलाही वाईट वाटते आहे.

हेपबर्नशी केलेली तुलना मी सोडून देते. वृद्धाश्रमाविषयी एवढेच सांगते, की १९९३ मध्ये तिला ‘जनतेची कलावंत’ हा रशियाचा सन्मानाचा किताब मिळाला, मे २०१४ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारासच, मॉस्कोतल्या रुग्णालयात ती गेली आणि नोव्होदेविची स्मशानभूमीत, जिथे देशातले मोठे कलावंत आणि लेखक विसावले आहेत, तिथे तिचे दफन झाले. शेवटची वर्षे एकटेपणाची होती. बेवारस मात्र ती नव्हती.

मला सर्वांत जास्त लागले ते याचे, की एवढ्या मोठ्या मजकुरात तिच्या अभिनयाविषयी एक ओळ नाही. बॉम्बहल्ल्यानंतर व्हेरोनिका जळत्या इमारतीचा जिना धावत चढते, वरच्या मजल्यावरचे आपल्या घराचे दार उघडते आणि दारापलीकडे घरच नसते, नुसती पोकळी असते. त्या क्षणी सामोयलोवा किंचाळत नाही. तिचा चेहरा काही क्षण काहीच समजत नसल्यासारखा होतो, आणि पाहणाऱ्याला तिच्याआधी समजते. शेवटी स्टेशनवर परतलेल्या सैनिकांच्या गर्दीत, आपला प्रियकर बॉरिस आता येणार नाही हे कळल्यावर, पांढऱ्या पोशाखातली ती त्याच्यासाठी आणलेली फुले अनोळखी माणसांना एकेक करून वाटत जाते आणि वर आकाशात पुन्हा क्रौंच दिसतात. क्रौंचाच्या जोडीतला एक बाणाने पडला म्हणून ज्यांच्याकडे आदिकाव्य जन्मले, त्या आपल्या वाचकांना या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सगळे मी भाचीला फोनवर सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचे भाषण पाठ झालेले होते. काल रात्री तिचा पुन्हा फोन आला. चित्रपट पाहून झाला होता, पण प्रश्न सामोयलोवाबद्दल नव्हता. झोया सुटून आली तेव्हा तिच्या मुलीने तिला ओळखले का, असे तिने विचारले.