भिंती पाडल्या की माणसं बोलू लागतात?

पुण्यात बाणेर-खराडीकडे नवं ऑफिस थाटणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: ‘ओपन ऑफिस’ करा, म्हणजे पार्टिशन काढा, काचा लावा, ठरलेल्या जागा रद्द करा, साहेबांनाही सगळ्यांत बसवा, परदेशात असंच असतं आणि सहकारी आपोआप मोकळे होतात. माझं काम ऑफिस इंटिरियरचं. हल्ली पहिल्याच मीटिंगला क्लायंट हा मजकूर पुढे करतात, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो.

‘भिंत गेली की बोलणं वाढतं.’ हे मोजून झालंय. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांत, पार्टिशनं काढून ऑफिस ओपन करण्याआधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांना सेन्सर लावलेले बिल्ले घालायला दिले आणि कोण कुणाशी समोरासमोर बोलतं ते नोंदवलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले: प्रत्यक्ष बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. मला यात नवल वाटत नाही. ‘हे मला जमत नाहीये, जरा दाखवतोस का?’ असं चाळीस जणांच्या देखत कोण विचारेल? माणूस हेडफोन चढवतो आणि शेजारच्यालाच मेसेज टाकतो. मग तीच दोघं खाली टपरीवर चहा घेत त्याच विषयावर मनसोक्त बोलतात, कारण तिथे टीममधलं तिसरं कुणी कान देऊन बसलेलं नसतं.

‘काचेमुळे पारदर्शकता येते.’ आरपार दिसतं, एवढं खरं. पण काच आवाज शोषत नाही, परतवते. त्यात खाली व्हिट्रिफाइड टाइल आणि वर फॉल्स सिलिंग काढून उघडे ठेवलेले एसीचे डक्ट, म्हणजे आवाज जिरायला जागाच उरत नाही. सिडनी विद्यापीठाच्या किम आणि डी डिअर यांनी २०१३ साली ३०३ इमारतींमधल्या ४२ हजारांहून अधिक लोकांची उत्तरं तपासली. ओपन ऑफिसमध्ये बोलणं सोपं होतं हा फायदा, आवाज आणि खाजगीपणाच्या तोट्यापुढे तोकडा पडला. यात आवाजाच्या मोठेपणापेक्षा शब्द कळणं जास्त छळतं. एसीची घरघर दिवसभर चालते, कुणाचं काही बिघडत नाही. मागच्या टेबलावर फ्लॅटच्या हप्त्याचा विषय निघाला की हातातला कोड तिथेच थांबतो.

‘ठरलेली जागा नको, रोज नवा शेजारी.’ मजकुराची मजा ही की त्यातली खरी गोष्ट याच मुद्द्यात उलटी झाली आहे. अंतराला महत्त्व आहेच. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनियरांवर केलेल्या कामात दिसलं की टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि ५० मीटरच्या पुढे जवळजवळ संपतं. मग ज्यांचं काम एकमेकांवाचून अडतं त्यांना जवळ बसवायचं. ‘मिळेल ती जागा घ्या’ म्हटलं की टेस्टिंगवाला एका टोकाला आणि डेव्हलपर दुसऱ्या टोकाला जातो.

साहेब मधोमध बसले की काय होतं? आजूबाजूची चार टेबलं गप्प होतात. त्यापेक्षा दार उघडं असलेली केबिन बरी.

परदेशाचं म्हणाल, तर ॲनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीचं उदाहरण हमखास येतं. स्टीव्ह जॉब्स यांनी तिच्या कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलच्या इमारतीत मधोमध मोठं दालन ठेवलं, जिकडे जाताना सगळ्यांची गाठ पडावी. पण तिथल्या ॲनिमेटरांना काम करायला स्वतःच्या खोल्याही आहेत, त्या ते हौसेने सजवतात. क्लायंट फोटो दाखवतात तो फक्त दालनाचा.

मजकुरात भाड्याचा उल्लेख नाही. पार्टिशन गेलं की तेवढ्याच स्क्वेअर फुटांत जास्त वर्कस्टेशनं बसतात. हे सरळ सांगणारा क्लायंट मला आवडतो. त्याच्या बजेटात काय बसेल ते तरी बोलता येतं.

आणि बरंच काही बसतं. पॅन्ट्री कोपऱ्यात न ढकलता येण्या-जाण्याच्या वाटेवर घ्या. आवाज जिरवायला टीमच्या टेबलांखाली कार्पेट टाइल, वर मिनरल फायबरचं सिलिंग. दर मजल्यावर तीन-चार जणांच्या दोन बंद खोल्या, बुकिंगशिवाय शिरता येतील अशा. त्यांची भिंत फॉल्स सिलिंगपाशी न थांबवता वर स्लॅबपर्यंत न्यायला सांगा. कॉन्ट्रॅक्टर ती हमखास खालीच सोडतो, मग आतलं बोलणं सिलिंगवरून बाहेर ऐकू येतं आणि आठवड्याभरात त्या खोलीत कार्टन रचले जातात.