ट्रॅक्टर मागे घ्या!

सहा हजार रुपये मोजून घेतलेलं बोइंग ७७७-३००ईआर मी रविवारी सकाळी मुंबईत आपटलं. कॉम्प्युटरवरच, पण आपटलं. लंडनहून अख्खे नऊ तास आणलं होतं हो, रात्र जागून. आपटलं ते मामांमुळे.

मामा हिचे. लासलगावकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर, आता कांदा. घाटकोपरच्या डोक्यावरून २७ नंबरची धावपट्टी दिसायला लागली आणि हे चहा घेऊन शेजारी टेकले.

"ॲव्हरेज काय देतं?"

"किलोमीटरला साधारण दहा लिटर."

"उलटं सांगताय जावईबापू."

"नाही मामा, सुलटंच."

"म्हंजे केपीटीएल एक! दहा लिटरला एक किलोमीटर!" बशी खाली ठेवली. "आमचं पंचेचाळीसच्या खाली गेलं की मेमो यायचा. पॅसेंजर किती?"

"वजन टाकलंय. माणसं नाहीत."

"अन् चाललंय कशाला मग?"

याला उत्तर नाही. टीव्हीसमोर दिवसभर क्रिकेट बघणाऱ्याला कुणी असं विचारत नाही, हेही जाता जाता सांगतो. तरी मी सोशीकपणे सांगितलं की विमान ७४ मीटर लांब आहे, नाक घाईत उचललं की शेपूट घासते. "मागचा ओव्हरहँग," ते लगेच म्हणाले. "उतारावरनं चढाला लागताना आमचीबी घासायची." क्षणभर माणूस आपला वाटला.

तेवढ्यात विमान बोलायला लागलं. जमिनीपासूनची उंची फुटांत मोजतं ते. "फिफ्टी... फोर्टी..."

मामा ताठ झाले. "लिलाव लागला का?"

"थर्टी..."

इथे नाक हलकेच उचलायचं असतं. मामांनी माझं मनगट धरलं. "भाव पडतोय! देऊ नका! ट्रॅक्टर मागे घ्या!"

"मामा, हात—"

"ट्वेंटी... टेन..."

धाड. आपटून वर उडालं, पुन्हा आपटलं. स्क्रीन काळी.

"दिलात ना दहाला?" मामा हळहळले. कांद्याच्या बाबतीत हा माणूस खोटं हळहळत नाही, म्हणून भांडताही येईना. स्वयंपाकघरातून हिचं हसू ऐकू येत होतं. ते मात्र अजून सलतंय. नऊ तास, सहा हजार, आणि माझ्या बाजूने बोलणारं घरात कुणी नाही.

मामा संध्याकाळच्या गाडीने गेले. पोचल्याचा फोन आला, तो मुद्दाम माझ्याकडे द्यायला लावला.

"मग? आज कितीला उतरवलं?"