हिरव्या गोळीचा पुळका

लातुरातल्या आमच्या निम्म्या सोयऱ्याधायऱ्यांनी सध्या क्लोरेल्लाच्या, म्हणजे हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांच्या, डब्या विकायला काढल्यात. लग्न असो की तेरवी, पंगतीत शेजारचा खिशातून हिरवी गोळी काढतोच. "दाजी, साठ टक्के प्रोटीन हाय!"

असंल की. पण गोळी केवढी? ५०० मिलिग्रॅमची. दिवसाला सहा गिळल्या तरी प्रोटीन जातं दोन ग्रॅमच्या आत. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम. सोयाबीनमध्ये तर शंभराला ३६. आणि तेच सोयाबीन पोत्यानं आडतीवर घालून हा गडी डबीचे पैसे भरतोय!

वर व्हिटॅमिन बी-१२ची टिमकी. अशाच दुसऱ्या हिरव्या गोळीतल्या, स्पिरुलिनातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या अंगी लागतच नाही. (स्पिरुलिना खरं तर शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक जातीचे जिवाणू. पण विकणाऱ्याला दोन्ही सारख्याच.) 'शरीरातली घाण काढते' म्हणे! मग लिव्हर-किडनी काय पारावर बसल्यात?

आत्याला रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू आहे. क्लोरेल्लात व्हिटॅमिन के असतं, त्यानं त्या औषधाचा असर कमी होऊ शकतो. हा बाबा तिला सांगतो, "इंग्रजी गोळ्या हळूहळू सोडा, आत्या." उद्या काही झालं तर निस्तरणार कोण, याची अपलाइन, म्हणजे याला विक्रीच्या साखळीत ओढणारे वरचे?