सशाचा पाय आणि माझं डोकं

काल टॉम क्रूझच्या ‘मिशन इम्पॉसिबल’ मालिकेतला ‘द फायनल रेकनिंग’ बघितला. डोकं अजून ठिकाणावर नाही. पावणेतीन तास! त्यातला पहिला तास नुसते बोलतात. एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा पुढे नेतो, तिसरा संपवतो आणि मधेमधे जुन्या भागांचे तुकडे. अरे बाबा, तुझे आधीचे सगळे बघितलेत म्हणूनच तिकीट काढलंय ना!

तेही चाललं असतं. पण तो सशाचा पाय, म्हणजे ‘रॅबिट्स फूट’! २००६च्या तिसऱ्या भागात सगळे जिच्यामागे धावतात ती वस्तू. आपला हेर ईथन, म्हणजे टॉम क्रूझ, शांघायमध्ये इमारतीवरून उडी मारून ती पळवतो, पण ती आहे काय, हे कुणीच सांगत नाही. शेवटी तो साहेबाला विचारतो, तर साहेब म्हणतो, नोकरीत राहा, मग सांगतो. बास! मजा तीच होती. इतकी वर्षं आम्ही सुखात होतो. आता म्हणे जग बुडवायला निघालेल्या एआयचं बी त्या पायातच होतं, म्हणजे सगळं ईथनच्याच कर्माचं फळ. कुणी विचारलं होतं? आणि एवढ्यावर थांबतील तर शपथ. मागच्या भागापासून ईथनच्या पाठी लागलेला तो ब्रिग्ज कोण निघावा? १९९६च्या पहिल्या भागातल्या जिम फेल्प्सचा, ईथनच्या त्या गद्दार साहेबाचा मुलगा! बरं, मग? मग काही नाही. ते दोघं एकमेकांकडे बघतात, आपण घड्याळाकडे.

हा रोग बाँडलाही झालाय. ‘स्पेक्टर’मध्ये खलनायक ब्लोफेल्ड लहानपणी बाँडला सांभाळणाऱ्याचा मुलगा निघाला आणि डॅनियल क्रेग बाँड झाल्यापासूनच्या सिनेमांतल्या सगळ्या भानगडी त्यानेच जळफळाटातून केलेल्या. ही हेरगिरी आहे की भाऊबंदकी? वर आपल्या सेन्सॉरने त्यातली चुंबनं निम्म्यावर आणली होती, तो राग वेगळा. मग २०२१ मध्ये बाँडला क्षेपणास्त्रांनी मारलं आणि शेवटी पाटी लावली, बाँड परत येईल. मारलंत ना? मग राहू दे की मेलेला!

आणि इंग्रजी सिनेमाचं वाक्य अर्ध्यात तोडून मध्यंतर करणाऱ्या थेटरवाल्यांना कुणीतरी आवरा. पॉपकॉर्न खपवायचं असतं, दुसरं काय.

बाकी, ते विमान. ६२ वर्षांचा गडी उडत्या विमानाच्या पंखाला लोंबकळतोय आणि मी खुर्चीचा हात समजून शेजारच्या काकांचा हात गच्च धरलेला. काकांनीही सोडवून घेतला नाही. आणि तो डनलो! पहिल्या भागात ईथनची टोळी सीआयएच्या खोलीत चोरी करते, तेव्हा तिथला हा कर्मचारी पोट बिघडलं म्हणून जागेवर नव्हता, त्यापायी अलास्काला पाठवलेला बिचारा. तो इतक्या वर्षांनी भेटतो, त्या चोरीत टोळीच्या हातून टेबलावर पडलेला सुरा जपून ठेवलेला, तेव्हा थेटरात पहिली टाळी माझी होती. हो, हेही जुनंच उकरणं झालं. माहितीये मला. गप्प बसा.

भीती पुढचीच आहे. २०२५ मध्ये बाँडची सूत्रं अ‍ॅमेझॉनकडे गेली. दिग्दर्शक ‘ड्यून’वाला व्हिलनव्ह आहे, तेवढाच धीर. पण उद्या बाँडच्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी हिच्या कॉलेजच्या दिवसांवर आठ भागांची मालिका काढली, तर मी अजिबात बघणार नाही. पहिला भाग बघेन फक्त, नावं ठेवण्यापुरता.